तान्ह्या बाळाच्या गिळण्याची तपासणी : पूर्ण दिवसांचे बाळ आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवजात बाळांच्या कक्षाबाहेर सतरंजी टाकून बसलेल्या आया आणि आज्या जे प्रश्न विचारतात, ते मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जवळपास सारखेच असतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. पालकांबरोबरच गावोगावच्या आशाताई आणि परिचारिका यांनाही ही उत्तरे उपयोगी पडावीत, असा हेतू आहे. मात्र ही माहिती वाचली म्हणून बाळाला दाखवायला नेणे लांबवू नये.

बाळाला गिळण्याचा त्रास आहे, असे डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय?

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ असतो. घशामध्ये हवेची आणि दुधाची वाट एकच असून पुढे तिचे श्वासनलिका आणि अन्ननलिका असे दोन फाटे होतात. प्रत्येक घोटाच्या वेळी बाळाचा श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड मिटते, घोट अन्ननलिकेत उतरतो आणि मगच श्वास पुन्हा सुरू होतो. दूध येत असताना पूर्ण दिवसांचे बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढते; म्हणजे एका वेळच्या पिण्यात ही कसरत त्याला शेकडो वेळा करावी लागते. तिच्यात एखादी चूक झाली तर ठसका लागतो, आणि चुका वारंवार होऊ लागल्या तर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

अडचण कोठे आहे, यावरून तिचे स्वरूप बदलते. तोंडातच अडचण असेल तर बाळाला स्तनाग्र नीट पकडता येत नाही किंवा दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते. घशात असेल तर ठसका, घरघर आणि श्वास अडकणे दिसते. अन्ननलिकेत असेल तर दूध परत वर येते. तपासणीचे पहिले काम ही जागा ओळखण्याचे असते.

अपुऱ्या दिवसांच्या आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची तपासणी वेगळी का असते?

कारण दोघांच्या बाबतीत प्रश्नच वेगळा असतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाबद्दल ‘याची तयारी झाली आहे का’ असे विचारायचे असते, तर पूर्ण दिवसांच्या बाळाला पिता येत नसेल तर ‘याला का येत नाही’ असे विचारायचे असते. पहिल्याला बहुतेक वेळा अवधी द्यावा लागतो, दुसऱ्यामध्ये कारण शोधावे लागते. या दोहोंची अदलाबदल झाली की नुकसान होते: दूध देण्यासाठी घातलेली नळी लवकर निघावी म्हणून ३१ आठवड्यांच्या बाळाला घाईने पाजले जाते, आणि पूर्ण दिवसांचे बाळ मात्र ‘आळशी आहे, शिकेल हळूहळू’ म्हणून आठवडाभर घरी ठेवले जाते.

पोटातले बाळ गर्भाशयातील पाणी गिळू लागते ते चौथ्या महिन्याच्या सुमारास; त्यामुळे गिळण्याची क्रिया स्वतंत्रपणे फार लवकर येते. उशिरा येतो तो मेळ. २८ ते ३१ आठवड्यांचे बाळ थोडेसे चोखते, परंतु त्याचा श्वासाशी ताळमेळ नसतो, म्हणून त्याला नळीने दूध द्यावे लागते. ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान हा मेळ बसू लागतो आणि वाटी-चमच्याने पाजता येते. ३४ आठवड्यांनंतर बरीच बाळे अंगावर पिऊ शकतात, तरी ही क्रिया पक्की होण्यास ३६ ते ३८ आठवडे उजाडतात. अत्यंत लवकर जन्मलेल्या, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्या आणि फुप्फुसांचा जुनाट आजार जडलेल्या बाळांना याहूनही अधिक वेळ लागतो.

येथे वय मोजण्याची रीत ध्यानात घ्यावी. ३० व्या आठवड्यात जन्मलेले आणि आता सहा आठवड्यांचे झालेले बाळ गिळण्याच्या दृष्टीने ३६ आठवड्यांचे धरावे. शेजारच्या सहा आठवड्यांच्या, पूर्ण दिवस भरलेल्या बाळाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही.

सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, असे घरात म्हणतात. ते खरे आहे का?

नाही. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना आणि गिळण्याच्या क्रियेला बळ देतो. तरीही आठव्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांकडे अधिक बारकाईने पाहावे, असे मुद्दाम सांगावेसे वाटते. ती दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखी असतात, अनेकदा काचेच्या पेटीत न ठेवता थेट आईजवळ दिली जातात, आणि मग छातीला लावल्यावर चार घोट घेऊन झोपी जातात. बाळ शांत आहे म्हणून घरचे समाधानी असतात आणि इकडे वजन घटत जाते, कावीळ वाढते.

गिळण्यात अडचण असल्याची कोणती लक्षणे घरी ओळखता येतात?

बाळ किती प्याले, हे सर्वजण पाहतात. पिताना त्याचा श्वास कसा चालला आहे, हे फार थोडे जण पाहतात. खरी माहिती मात्र श्वासात असते. पिताना नाकपुड्या फुलणे, दोन फासळ्यांमधली जागा आत ओढली जाणे, ओठांभोवती निळसर छटा येणे, घशात घरघर वाजणे, पिऊन झाल्यावर आवाज ओलसर किंवा घोगरा होणे, डोळ्यांत पाणी येणे, बोटे ताठ पसरणे, मान मागे टाकून तोंड वळवणे ही सर्व ‘मला झेपत नाही’ असे सांगणारी लक्षणे आहेत. एका वेळच्या पिण्याला नेहमीच अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, पिता पिता घामाने डबडबणे आणि नाकातून वारंवार दूध येणे यांचीही गणना यातच होते. घाम आणि दम यांमागे हृदयाचा दोष असू शकतो, म्हणून त्याकडे उन्हाळा आहे म्हणून दुर्लक्ष करू नये.

ठसका लागत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजू नये. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत पाण्याचा थेंब गेला तर तो खोकून बेजार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची खोकण्याची प्रतिक्रिया अजून तयार झालेली नसते. दूध स्वरयंत्राला लागले की बाळ खोकण्याऐवजी श्वासच थांबवते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग निळे पडते. कधी तेवढेही दिसत नाही आणि दूध मुकाट्याने फुप्फुसात उतरते. वारंवार सर्दी-कफ होणाऱ्या, छाती सतत वाजणाऱ्या आणि दोन-तीन वेळा न्यूमोनिया होऊन गेलेल्या बाळाच्या बाबतीत गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावे.

वजनाचा हिशेबही ठेवावा. पूर्ण दिवसांचे बाळ पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून काढते. त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दिवसातून सहा वेळांपेक्षा कमी लघवी होत असेल तर दूध पुरेसे जात नाही, असे धरावे.

दूध टाकणे म्हणजेच गिळण्याचा त्रास का?

बहुतेक वेळा नाही. वजन वाढत असलेल्या, हसऱ्या बाळाने पिल्यानंतर थोडे दूध टाकणे स्वाभाविक आहे. उलटीचा रंग हिरवा असेल तर मात्र तो आतडे अडल्याचा इशारा असू शकतो. अशा वेळी त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

वॉर्डात तज्ज्ञ बाळाची तपासणी नेमकी कशी करतात?

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. गर्भारपणात पोटात पाणी जास्त असल्याचे सोनोग्राफीत सांगितले होते का, हा प्रश्न ऐकून अनेक आया गोंधळतात. पण त्यामागे साधे कारण आहे. पोटातले बाळ पाणी गिळत नसेल तर ते साठत जाते. असे पाणी वाढलेले असेल आणि जन्मानंतर बाळाच्या तोंडातून सतत फेस येत असेल तर अन्ननलिका बंद असण्याची शंका घेतली जाते. मग दूध पाजण्याआधी तोंडातून नळी घालून पाहतात. ती दहा-बारा सेंटिमीटरवर अडकली की एक्स-रे काढून पुढची दिशा ठरते. बाळ जन्मतः रडले होते का, व्हेंटिलेटरवर किती दिवस होते, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हेही विचारले जाते. कारण हृदयाजवळच्या शस्त्रक्रियेत डाव्या स्वरतंतूच्या नसेला इजा होऊ शकते, आणि तसे झाले तर आवाज आणि गिळणे दोन्ही बिघडतात.

त्यानंतर बाळाला हात न लावता पाहिले जाते. ते जागे आहे की पेंगत आहे, त्याचा रंग कसा आहे आणि स्वस्थ असताना मिनिटाला किती श्वास घेते, हे पूर्ण एक मिनिट मोजतात. गती ६० च्या वर असेल तर तोंडाने पाजण्याची घाई केली जात नाही, कारण ज्याला श्वासालाच उसंत नाही ते गिळण्यासाठी श्वास थांबवणार कसा? नाकाच्या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत का, हेही पाहतात. तान्हे बाळ प्रामुख्याने नाकाने श्वास घेते. दोन्ही नाकपुड्या मागून बंद असल्या तर ते दूध पिताना निळे पडते आणि रडताना, तोंड उघडल्यामुळे, पुन्हा गुलाबी होते.

मग तोंड तपासले जाते. ओठ, हिरड्या, जीभ, हनुवटी आणि टाळू पाहिला जातो. ओठ फाटलेला नसतानाही मागचा मऊ टाळू फाटलेला असू शकतो. म्हणून प्रकाशात पाहण्याबरोबरच बोटानेही चाचपतात. गालाला स्पर्श केल्यावर बाळ तोंड वळवते का, बोट दिल्यावर ते कसे चोखते, हे पाहतात. नुसते बोट चोखताना वेग सेकंदाला सुमारे दोन इतका असतो, दूध येऊ लागल्यावर तो निम्म्यावर येतो. वेगातला हा बदल चांगला, कारण गिळण्यासाठी सवड काढायची असते, हे बाळाला कळते आहे, असा त्याचा अर्थ आहे.

यानंतरच प्रत्यक्ष पाजून पाहतात, आणि हा तपासणीचा गाभा आहे. आई नेहमी जशी घेते तशीच बाळाला घेऊन पाजते, तज्ज्ञ बाजूला बसून पाहतात. अपक्व बाळ तीन-पाच वेळा ओढून थांबते, श्वास घेते आणि पुन्हा सुरू करते. सरावलेले बाळ दहा-वीस वेळा सलग ओढूनही श्वासाची लय सोडत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण आणि नाडी यंत्रावर दिसत असते. काही ठिकाणी मानेला स्टेथोस्कोप लावून घोटाचा आणि श्वासाचा आवाज ऐकतात. त्यातून अंदाज येतो, पण केवळ त्यावर निदान करणे योग्य नाही. जबडा आणि जीभ यांच्या हालचालींना गुण देणाऱ्या प्रमाणित मोजपट्ट्याही वापरल्या जातात. माझ्या मते मोजपट्टी कोणती, यापेक्षा तज्ज्ञाने पाजण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बसून पाहिले का, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिली दोन मिनिटे छान पिणारे बाळ दहाव्या मिनिटाला थकते, आणि चुका त्याच वेळी होतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाला पिता येत नसेल तर कोणती कारणे शोधतात?

जन्मतः न रडल्यामुळे मेंदूला झालेली इजा, जंतुसंसर्ग, हृदयदोष, फाटलेला टाळू, मागे सरकलेली लहान हनुवटी, मऊ पडलेले स्वरयंत्र, डाउन सिंड्रोम, थायरॉइडची कमतरता आणि स्नायूंचे जन्मजात आजार ही त्यांतील प्रमुख होत. काल नीट पिणारे बाळ आज अचानक पिईनासे झाले, तर ते गिळण्याचे प्रकरण न मानता जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवावे.

जीभ चिकटलेली असणे हे कारण मात्र गरजेपेक्षा जास्त वेळा पुढे केले जाते. जिभेखालचा पडदा आखूड असूनही अनेक बाळे उत्तम पितात; पकड बसत नसेल आणि आईला वेदना होत असतील, तरच तो कापण्याचा विचार होतो.

एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी सुचवली आहे. ती करावी का?

या तपासणीत दुधात बेरियम किंवा तत्सम, एक्स-रेत दिसणारा द्रव मिसळून बाळाला पाजतात आणि घोट कोणत्या वाटेने जातो, हे एक्स-रेच्या चलत्‌चित्रात पाहतात. दूध श्वासनलिकेत जाते का, कोणत्या क्षणी जाते आणि बाळ खोकते का, याची उत्तरे तिच्यातून मिळतात. मुकाट्याने फुप्फुसात उतरणारे दूध बाहेरून पाहून खात्रीने ओळखता येत नाही, हे या तपासणीचे खरे कारण आहे. किरणांचा काळ काही मिनिटांपुरता मर्यादित ठेवतात. मात्र ही तपासणी त्या काही मिनिटांपुरतीच असते. बेरियममुळे दुधाचा दाटपणा बदलतो आणि अंगावर पिताना ती करता येत नाही. पुढचा उपचार तिच्या निकालावर बदलणार असेल तरच ती करावी. नुकत्याच ३३ आठवड्यांच्या झालेल्या बाळाला केवळ कुतूहलापोटी तिथे नेण्यात काही हशील नाही.

दुसरा मार्ग दुर्बिणीचा आहे. नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घशापर्यंत नेऊन गिळणे पाहतात. यात किरणे नसतात, ती खाटेजवळ करता येते, आई छातीला लावून पाजत असतानाही करता येते आणि स्वरतंतू हलतात का, हेही दिसते. नेमक्या घोटाच्या क्षणी घसा आवळल्यामुळे दृश्य झाकले जाते, ही तिची मर्यादा आहे.

नळी कधी निघेल?

आठवडे आणि ग्रॅम यांच्यापेक्षा बाळाच्या खुणा पाहाव्यात. पाजण्याच्या वेळी आपणहून जागे होणे, हात तोंडाकडे नेणे, तोंड उघडून शोधणे आणि पिताना रंग व श्वास टिकवणे, या खुणा दिसू लागल्या की तोंडाने पाजण्याचे प्रमाण वाढवतात. उरलेले दूध नळीने दिले तर त्यात कमीपणा नाही. बळजबरीने संपवलेल्या वाटीपेक्षा ते कधीही बरे. दरम्यान आईने दूध पिळून काढल्यानंतर बाळाला त्या रिकाम्या स्तनाशी लावून चोखू द्यावे आणि कांगारू पद्धतीने उराशी घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रोज किमान आठ तास असे उराशी धरावे. आई विश्रांती घेत असताना हे काम बाप, आजी किंवा मावशी करू शकते.

बोंडले, वाटी-चमचा की बाटली?

बोंडल्याला पन्हळ असते, त्यामुळे थोडे तिरके केले तरी दूध भरभर येते. ते वाईट नाही, पण ओतू नये. बाळाला उभट धरून दूध ओठांच्या कोपऱ्याशी टेकवावे, त्याने ते स्वतः ओढून घ्यावे आणि मागचा घोट गिळून होईपर्यंत पुढचा देऊ नये. आडवे झोपवून घशात चमचा रिकामा करण्याची पद्धत सर्वांत धोक्याची आहे. बाटली शक्यतो टाळावी. तज्ज्ञांनी सांगितल्यामुळे ती द्यावीच लागली तर तिच्या बुचाचे (निपलचे) छिद्र सुईने मोठे करू नये, कारण ज्या बाळाला सावकाश येणारे दूध आवरत नाही त्याला वेगाने येणारे दूध कसे आवरेल? आईलाच पान्हा जोराचा येत असेल तर आधी थोडे दूध पिळून काढावे आणि मागे रेलून किंवा बाळाला कुशीवर घेऊन पाजावे.

नाचणीचे सत्त्व घालून दूध घट्ट केले तर ठसका कमी होईल का?

हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये. दाट दूध काही बाळांमध्ये श्वासनलिकेत जाण्याचे प्रमाण कमी करते, पण तसे करायचे की नाही, हे तपासणीनंतरच ठरते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे आतडे त्यासाठी तयार नसते. दूध दाट करण्याचे, झँथन गम असलेले एक उत्पादन ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला, कारण त्याच्या वापरानंतर काही बाळांच्या आतड्यांना घातक सूज आल्याचे आढळले होते.

टाळू उचलणे, नाकात तेल घालणे, घुटी पाजणे चालेल का?

चालणार नाही. बाळ दूध पीत नाही म्हणून बोट घालून टाळू उचलल्याने तोंडाला जखम आणि संसर्ग होतो, आणि मूळ कारण तसेच राहते. नाकात सोडलेले तेल खोकला न येता फुप्फुसात जाते व तेथे साचून न्यूमोनिया करते. हा न्यूमोनिया साध्या प्रतिजैविकांनी बरा होत नाही. घुटी, मध आणि उन्हाळ्यात चमचाभर पाणी यांचीही सहा महिन्यांपर्यंत गरज नसते. मराठवाड्यातील एप्रिल-मे कितीही तापला तरी आईच्या दुधातील पाणी बाळाला पुरते, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात.

पिताना ठसका लागलाच तर पाजणे थांबवून बाळाला कुशीवर वळवावे आणि डोके किंचित खाली ठेवून तोंडातले दूध निथळू द्यावे. तोंडात बोट घालू नये. श्वास परत येत नसेल तर बाळाला हातावर पालथे घेऊन पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पाच थापा माराव्यात आणि १०८ वर फोन करावा.

मराठवाड्यात कोठे दाखवावे? खर्च किती येतो?

पहिला टप्पा जिल्ह्यातील विशेष नवजात काळजी कक्ष. तेथून गरजेप्रमाणे छत्रपती संभाजीनगरची घाटी (तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे पाठवले जाते. निघण्याआधी एक्स-रेखालची किंवा दुर्बिणीची तपासणी तिथे कोणत्या दिवशी होते, हे फोनवर विचारून घ्यावे. नाहीतर शंभर-दीडशे किलोमीटरची फेरी वाया जाते. वाचा-उपचारतज्ज्ञ हे केवळ बोलणे शिकवणारे नसून गिळण्याचेही तज्ज्ञ असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्यांच्या पदाची तरतूद आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकांना सरकारी रुग्णालयात उपचार, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे.

आम्ही ऊसतोडीला जाणार आहोत. बाळाची तपासणी मध्येच तुटेल, मग काय करावे?

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाच्या गिळण्याचे सर्वांत नाजूक महिने नेमके फडावरच्या कोपीत (झोपडीत) जातात. शक्य असल्यास आई व बाळाने गावी थांबावे, पण उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या जोडप्याला हे सांगणे सोपे नाही, याची जाणीव आहे. जाणे अटळ असेल तर डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि मोबाइलमध्ये तिचे छायाचित्र ठेवावे. त्यावर जन्माचा आठवडा, जन्मवजन, शेवटचे वजन, एका वेळी किती मिलिलिटर दूध व कशाने द्यायचे आणि कोणती खूण दिसताच पाजणे थांबवायचे, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे. आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. निघण्यापूर्वी तिला कारखान्याचे नाव व गाव सांगून ठेवावे, म्हणजे तिकडच्या आशाताईला निरोप देता येतो. फडावर पोहोचल्यावर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून दर आठवड्याला वजन करावे, आणि सलग दोन आठवडे ते वाढले नाही तर हेच कार्ड घेऊन तेथील जिल्हा रुग्णालयात जावे.